फाउंड्रीतलं रिजेक्शन

फाउंड्रीत वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून काढलेलं कास्टिंग मापात किंवा क्वालिटीत बसलं नाही की ते रिजेक्शनला जातं. कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या एमआयडीसीत फाउंड्र्याच फाउंड्र्या आहेत, गाड्यांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पार्ट तिथं ओतले जातात, आणि मीटिंग कुठलीही असो, रिजेक्शन किती टक्के हा विषय निघतोच.

फाउंड्रीत खराब माल परत भट्टीत टाकता येतो, म्हणून बऱ्याच मालकांना वाटतं की नुकसान फारसं नाही, घरचं लोखंड घरातच राहिलं. पण इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ५०० ते ६०० युनिट वीज जाते, ती दुसऱ्यांदा भरायची, वर कोअर (पीसमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा तुकडा), बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधणारी माती), कोळशाची पूड, साचे बनवणाऱ्या मोल्डिंगवाल्यांची अख्खी पाळी, फेटलिंगचं म्हणजे ओतलेला पीस साफ करायचं ग्राइंडिंग, हे सगळं गेलं ते गेलंच. आणि तोच पीस गिऱ्हाइकाकडं जाऊन मशिनिंग झाल्यावर आतलं भोक उघडं पडलं, तर मशिनिंगच्या खर्चासकट डेबिट नोट, म्हणजे आपल्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, येते. त्यामुळं पीस किती गेले यापेक्षा ते कुठल्या टप्प्यावर पकडले याला जास्त किंमत आहे. साचा फोडल्याफोडल्या सापडलेला खराब पीस सगळ्यात स्वस्त.

डिफेक्ट ठरलेलेच असतात. वाळूत ओल जास्त झाली की वाफ अडकून ब्लो होल पडतात. ओल साधारण ३ ते ४ टक्क्यांत ठेवतात, पण पावसाळ्यात कोअरसुद्धा हवेतली ओल धरतात, तेव्हा रॅकवर दोन-तीन दिवस पडलेला कोअर वापरणं म्हणजे रिजेक्शनला आमंत्रणच. धातू थंड पडला तर दोन बाजूंनी आलेल्या धारा एकजीव होत नाहीत, तो कोल्ड शट. जाड भागाला रायझर (धातू आकसताना भर घालायला साच्यात ठेवलेला जादा धातूचा साठा) कमी पडला की आत पोकळी राहते, ते श्रिंकेज, आणि ते वरून दिसत नाही हीच त्यातली गोम. काही ठिकाणी भोकात मेटल पुट्टी भरून, घासून पीस पुढं ढकलतात. रिपोर्टवर आकडा छान दिसतो, बाकी काही साधत नाही.

माग काढायला प्रत्येक पीसवर हीट कोड लागतो, म्हणजे कुठल्या दिवशी, कुठल्या हीटमधून (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या मालातून) ओतला ते कळतं. एका पॅटर्नवर (ज्यानं साच्यात आकार उमटवतात तो नमुना) चार पीस असतील तर कॅव्हिटी नंबर, म्हणजे त्यातल्या कुठल्या खाचेतला पीस, तेसुद्धा हवं, कारण बऱ्याचदा एकच कॅव्हिटी घोळ घालत असते आणि शिव्या मात्र सगळ्या मोल्डिंग शॉपला पडतात. खराब पीस लाल रंग मारून लाल डब्यात जातात, आणि डिफेक्टप्रमाणे मोजल्याशिवाय डबा भट्टीकडं सोडायचा नाही, एकदा वितळलं की पुरावाच गेला. मग पॅरेटो, म्हणजे कुठल्या डिफेक्टनं किती पीस गेले याचा उतरत्या क्रमाचा तक्ता, काढतात, बहुतेक वेळा दोन-तीन डिफेक्टच मोठा वाटा खाताना दिसतात. वाळूची ओल, धातूचं तापमान यांच्यासाठी कंट्रोल चार्ट, म्हणजे वेळोवेळी घेतलेली मापं वर-खालच्या मर्यादांमध्ये मांडलेला आलेख, जो वॉल्टर शूहार्टनं १९२४ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना मांडला. पीस खराब व्हायच्या आधीच प्रोसेस सरकायला लागलीय हे त्यात दिसतं, अर्थात शिफ्ट संपताना अंदाजानं भरलेला चार्ट असेल तर काही दिसत नाही.

टक्केवारीतही गोची आहे. पीसवर काढलेले ४ टक्के आणि वजनावर काढलेले ४ टक्के वेगळे, कारण एक मोठं हाउसिंग शंभर छोट्या ब्रॅकेटांना भारी पडतं. दुसरं म्हणजे जूनमध्ये ओतलेला माल गिऱ्हाइकाकडून ऑगस्टमध्ये परत येतो आणि ऑगस्टच्या खात्यात चढतो, मग ऑगस्टची टीम विनाकारण बोलणी खाते आणि जूनच्या ओल्या वाळूकडं कुणी बघतच नाही. म्हणून परत आलेला पीस हीट कोड वाचून ओतल्याच्या तारखेलाच मांडायचा, मग जूनचा आकडा दोन महिन्यांनी बदलला तरी चालेल.