फोमच्या डार्टची बंदूक: घरातल्या चेंडूपासून ऑफिसातल्या टेबलापर्यंत

ऑफिसात खेळण्यासाठी फोमचे डार्ट, म्हणजे मऊ लहान बाण, उडवणारी बंदूक घ्यायची म्हटले की पहिली विचारणा होते ती पल्ल्याची, आणि बंदूक हातात आली की पहिला बदल होतो तो स्प्रिंगमध्ये. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. मोकळ्या मैदानावरच्या गरजांतून तो रूढ झाला आणि पुढे कोणी फारसा विचार न करता तसाच चार भिंतींच्या आत आणला. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर अशा बंदुकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘नर्फ’ या ब्रँडच्या उगमापासून सुरुवात करावी लागते, कारण या खेळण्याचा जन्मच मुळी घरात काही फुटू नये म्हणून झालेला आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रेन गायर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या सहकाऱ्यांसह आदिमानवांवर बेतलेला एक खेळ तयार करायला घेतला होता. त्यात फोमचे दगड होते. मूळ खेळापेक्षा हे दगड फेकण्यातच अधिक गंमत आहे असे लक्षात आल्यावर त्यांनी फोम कात्रीने कापून त्याचे गोल चेंडू केले. गायर यांचा ‘ट्विस्टर’ हा खेळ बाजारात आणणाऱ्या मिल्टन ब्रॅडली कंपनीने चेंडूची कल्पना नाकारली, पार्कर ब्रदर्सने मात्र ती घेतली आणि १९७० मध्ये सुमारे १० सेंटीमीटर व्यासाचा पॉलियुरेथेन फोमचा चेंडू ‘नर्फ’ या नावाने विक्रीला आला. घरात खुशाल फेका, दिवे आणि खिडक्यांच्या काचा फुटणार नाहीत, लहान मुलांना आणि वृद्धांना इजा होणार नाही, असा त्याच्या जाहिरातीचा आशय होता. पहिल्याच वर्षी ४० लाखांहून अधिक चेंडू खपले.

चेंडूपासून बंदुकीपर्यंत यायला जवळपास २० वर्षे लागली. १९८९ मध्ये फोमचे छोटे चेंडू हवेच्या दाबाने उडवणारे ‘ब्लास्ट-अ-बॉल’ आले, १९९१ मध्ये फोमचे बाण सोडणारे धनुष्य आले, आणि १९९२ मध्ये ‘शार्पशूटर’ या नावाने डार्ट उडवणारी पहिली नर्फ बंदूक आली. दरम्यान १९९१ मध्ये हा सगळा व्यवसाय हॅस्ब्रो कंपनीकडे गेला होता. याच काळात ‘सुपर सोकर’ या पाण्याच्या बंदुकीमुळे प्रसिद्ध झालेले, नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले अभियंते लॉनी जॉन्सन यांनी डार्टच्या खेळण्यांच्या रचनेतही मोलाची भर घातली. त्यांच्या कामाचा पुरता मोबदला मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. २००७ ते २०१२ या काळातील थकीत स्वामित्वधनापोटी हॅस्ब्रोने त्यांना सुमारे ७ कोटी २९ लाख डॉलर द्यावेत, असा निर्णय त्या वर्षी लवादाने दिला. या खेळण्याचा इतिहास सांगताना जॉन्सन यांचे नाव अनेकदा गाळले जाते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

आता यंत्रणेकडे वळू. स्प्रिंगवर चालणारी डार्टची बंदूक उघडून पाहिली तर आत रंगपंचमीच्या पिचकारीसारखीच रचना दिसते. एक नळकांडे असते, त्यात बसणारा दट्ट्या असतो आणि दट्ट्याच्या कडेला हवा निसटू नये म्हणून रबरी कडे असते. फरक इतकाच की दट्ट्या हाताने न ढकलता दाबून ठेवलेली स्प्रिंग त्याला पुढे रेटते. चाप ओढला की अडकवलेला दट्ट्या सुटतो, पुढची हवा दाबली जाते आणि सुमारे एक ग्रॅम वजनाचा डार्ट नळीतून बाहेर पडतो. अनेक जुन्या बंदुकांत नळीच्या मागच्या तोंडाशी एक लहानशी झडप बसवलेली असे. डार्ट आत बसला की तिची दांडी मागे सरके आणि हवेला वाट मिळे. डार्ट नसेल तर वाट बंद राही, अडलेली हवा उशीसारखी काम करी आणि दट्ट्या पुढच्या भिंतीवर जोराने आदळत नसे. वेग वाढवण्यासाठी हौशी मंडळींनी सर्वप्रथम जे काढून टाकले ते हीच झडप. त्यामुळे हवेचा अडथळा दूर होतो हे खरे, पण डार्टविना चाप ओढला गेला की सगळा धक्का प्लास्टिकवर बसतो आणि काही दिवसांत तडे जातात.

या हौशी मंडळींची उद्दिष्टे मैदानावरची होती. २००५ मध्ये मेरीलँडमधील गाउचर कॉलेजात ‘ह्यूमन्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा खेळ सुरू झाला आणि तेथून तो अनेक विद्यापीठांच्या आवारांत पसरला. दिवसचे दिवस चालणाऱ्या या खेळात समोरचा खेळाडू धावत अंगावर येत असे, त्यामुळे पल्ला आणि वेग यांना खरेच महत्त्व होते. जाड तारेच्या स्प्रिंग, धातूच्या नळ्या, बांधकामातल्या फटी बुजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फोमच्या दोरीतून कापलेले घरगुती डार्ट, हे सारे अशाच गरजांतून आले. नर्फ बनवणारी हॅस्ब्रो कंपनीही त्याच दिशेने गेली. २०१२ च्या ‘एलिट’ मालिकेच्या खोक्यांवर ७५ फुटांचा, म्हणजे सुमारे २३ मीटरचा पल्ला छापलेला होता. २०१५ च्या ‘रायव्हल’ मालिकेतील गोल गोळ्यांसाठी सेकंदाला १०० फुटांचा वेग सांगितला गेला. पुढे ‘डार्ट झोन’सारख्या प्रतिस्पर्ध्यांनी निम्म्या लांबीच्या डार्टच्या आधारे १५० फुटांचा वेग थेट दुकानात आणून ठेवला.

ऑफिसातला खेळ मात्र वेगळ्याच वाटेने वाढला. संगणक कंपन्यांच्या टेबलांवर यूएसबीला जोडायचे फोमचे क्षेपणास्त्र-प्रक्षेपक दिसू लागले. ऑस्ट्रेलियातील पेपरकट या सॉफ्टवेअर कंपनीतील मंडळींनी तर अशा प्रक्षेपकासाठी असा प्रोग्रॅम लिहिला की ज्याच्या कोडमुळे ‘बिल्ड’ मोडेल, म्हणजे सगळ्यांचे कोड जोडून प्रोग्रॅम तयार करताना बिघाड होईल, त्याच्या खुर्चीकडे प्रक्षेपक आपोआप वळावा. अंतर चार-पाच मीटरचे, समोरचा माणूस बसलेला आणि त्याचे लक्ष पडद्याकडे. अशा ठिकाणी २३ मीटरच्या पल्ल्याचा उपयोग काय?

धोका किती, याचे गणित सोपे आहे. वेग दुप्पट झाला की डार्टची ऊर्जा चौपट होते. सेकंदाला ७० फूट वेगाने जाणारा एक ग्रॅमचा डार्ट अंगाला जेमतेम जाणवतो, तोच १५० फुटांच्या वेगाने गेला तर त्याची ऊर्जा साडेचार पटींनी वाढते. डोळ्याला तर कमी वेगही पुरतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा डार्टमुळे डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत दोघे प्रौढ होते.

म्हणून ऑफिससाठी मी एका वेळी एकच डार्ट उडवणारी, नर्फच्या ‘जोल्ट’सारखी तळहाताएवढी स्प्रिंगची बंदूक सुचवतो. नर्फच्याच ‘स्ट्राइफ’सारख्या मोटारीच्या चाकांवर चालणाऱ्या बंदुकीत उलट दिशांना फिरणारी दोन चाके डार्टला चिमटीत धरून पुढे फेकतात. चाप ओढण्याआधीच मोटारींची घरघर सुरू होते आणि शेजारी फोनवर बोलणाऱ्याला त्रास होतो. तिच्यात चार पेन्सिल सेलऐवजी लिथियम सेल बसवण्याची टूम आहे, पण मूळच्या बारीक तारा तेवढा प्रवाह सोसण्यासाठी केलेल्या नसतात, त्या तापतात.

बदल करायचाच असेल तर तो वेगासाठी नको, टिकाऊपणासाठी असावा. दट्ट्याच्या रबरी कड्याला प्लास्टिक न खाणारे सिलिकॉन ग्रीस लावावे, दट्ट्याच्या टोकाला पातळ फोमची चकती चिकटवून आदळण्याचा आवाज कमी करावा आणि झडप जागेवर राहू द्यावी. नळीच्या टोकाचा नारिंगी रंगही खरवडू नये. खेळण्यातली बंदूक खऱ्या बंदुकीपासून ओळखू यावी यासाठी अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला, त्यातून ही खूण आली आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा विकत घेताना खोक्यावर पल्ल्याचा आकडा शोधण्याआधी ते चिन्ह शोधावे.