बारावं पान : उलटा टांगलेला माणूस

(टॅरो रीडिंगनंतर, म्हणजे टॅरोचे चित्रपत्ते काढून तुमच्या प्रश्नावर बोलून झाल्यावर, ग्राहकांनी घरी न्यायचं माहितीपत्रक)

हे पान टेबलावर उलगडलं की समोरची व्यक्ती बहुतेकदा खुर्चीत थोडी मागे सरकते. पहिला प्रश्न असतो, "फाशी का हो?" आणि लगेच दुसरा, "काही तोडगा आहे का?" दोन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकतो. ही फाशी नाही. तोडगा, खडा, पूजा यातलं काहीही आम्ही विकत नाही. बाकीचं सांगायला अर्ध्या तासाच्या रीडिंगमध्ये वेळ पुरत नाही, म्हणून हा कागद.

आधी चित्र नीट बघा

आम्ही वापरतो तो डेक (पत्त्यांचा संच) १९०९ साली लंडनच्या रायडर या प्रकाशनाने काढला. आखणी आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. माणूस उजव्या पायाने टांगलेला आहे. डावा पाय गुडघ्यात दुमडून उजव्याच्या मागे गेलाय, एखादा निवांत मांडी घालतो तसा. हात पाठीमागे आहेत. ते बांधलेत की त्यानेच मागे धरलेत, हे चित्रात कळत नाही. लाकूड वाळलेलं नाही, त्याला पानं फुटलेली आहेत. डोक्याभोवती पिवळं तेजोवलय आहे. आणि चेहरा पाहा, वेदनेची एक रेष नाही. वेट यांनीही लिहून ठेवलंय की या चेहऱ्यावर यातना नसून तंद्री आहे.

एवढं पाहून झालं की निम्मं काम झालं. नेटवर "या पानाचा अर्थ त्याग" असं एका शब्दात लिहिलेलं सापडतं. तो शब्द पाठ करून आलेल्या लोकांना समोरचं चित्र दिसेनासं होतं, असा आमचा अनुभव आहे.

हे पान आलं कुठून

टॅरो मुळात भविष्यासाठी नव्हता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो पत्त्यांचा डाव होता. पानं ७८, त्यात २२ खास चित्रांची. त्यातला 'मूर्ख' वगळला तर उरलेली २१ पानं म्हणजे चक्क हुकूम! आपल्या मेंढीकोटात हुकूम प्रत्येक डावाला नव्याने ठरतो, तिथे ते कायमचे ठरलेले. म्हणजे आज तुम्हाला धसका देणारं हे पान कोणे एके काळी कुणीतरी हात मारायला टाकत असे.

त्या काळच्या इटलीत या पानाला 'गद्दार' असंही म्हणत. त्याला कारण होतं. दगाबाज माणूस हाती लागला नाही तर त्याला उलटं टांगलेलं दाखवणारं चित्र शहराच्या भिंतीवर रंगवून बदनामी करायची तिथे रीत होती. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली आंद्रेया देल कास्तान्यो या चित्रकाराने अशी चित्रं काढली आणि 'टांगलेल्यांचा आंद्रेया' हे टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं. मुत्सिओ स्फोर्त्सा या सेनानीचंही असं चित्र रोममध्ये रंगवलं गेलं होतं. गंमत अशी, की त्याचाच मुलगा फ्रांचेस्को पुढे मिलानचा सत्ताधीश झाला, आणि आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या डेकपैकी एक याच घराण्याचा आहे. उलटा माणूस त्यातही आहे.

पुढे १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ठासून सांगितलं की पान छापणाऱ्याने चूक केली, हा माणूस मुळात एक पाय उचलून जपून उभा आहे आणि तो म्हणजे 'सावधपणा'! त्याचं म्हणणं साफ चुकीचं होतं. पण टॅरोला गूढविद्या मानण्याची लाट त्याच्यापासूनच उसळली. गद्दार, मग सावधपणा, मग वेट यांचा तेजोवलयवाला. एकाच पानाचे साडेचारशे वर्षांत एवढे अर्थ झाले. म्हणून "खरा अर्थ कोणता?" असं विचारलंत तर आम्ही तुम्हालाच उलट विचारू, "तुमचा प्रश्न कोणता?"

आम्ही ते कसं वाचतो

मराठी माणसाला हे पान समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे त्रिशंकू आहे. ना स्वर्गात ना पृथ्वीवर, डोकं खाली करून मधेच लटकलेला. फरक एवढाच, की त्रिशंकूला वर जायचं होतं आणि तो अडकला. पानावरच्या माणसाला कुठे जायची घाई दिसत नाही.

समजा, तुम्ही विचारलंत, "व्हिसा कधी लागेल?" हे पान तारीख सांगत नाही. कुठलंच पान सांगत नाही. आम्ही या पानावरून विचारू, की व्हिसाच्या नावाखाली आणखी काय काय थांबवून ठेवलंय? दाताचं काम, घराची डागडुजी, आईशी एकदा नीट बोलणं? पाय एकच बांधलेला आहे, दुसरा मोकळा आहे.

समजा, प्रश्न आहे, "नोकरी सोडू का?" इथे आम्ही जरा सावध असतो. हे पान आलं की "थांबा म्हणतंय" असं म्हणून निर्णय ढकलणं फार सोयीचं असतं. तीन महिने थांबण्याचं ठरवणं वेगळं आणि तीन वर्षं लटकत राहणं वेगळं. थांबायचंच असेल तर कशासाठी आणि किती दिवस, ते इथेच कागदावर लिहायला लावतो. काहींना ते आवडत नाही.

पान उलटं आलं तर

उलटा माणूस उलटला की सुलटा होतो आणि एका पायावर नाचतोय असा दिसतो. एकविसाव्या पानावरच्या, 'जग' नावाच्या नर्तकीचे पायही असेच आहेत. १२ आणि २१ हे आकडेही उलटसुलट. वेट यांनी उलट्या पानाला स्वार्थ आणि गर्दी असे अर्थ दिले होते. आम्ही बहुधा विचारतो, "कुणी मागितला नसताना तुम्ही हा त्याग करताय का?" घरातल्या मोठ्या लेकीसुनांच्या रीडिंगमध्ये हा प्रश्न बरोबर लागतो. अर्थात तो पानामुळे लागतो की कुणालाही लागला असता, हे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही.

येताना

आजारपण, कोर्टाची केस, गुंतवणूक यासाठी डॉक्टर, वकील आणि जाणकार गाठा. त्या प्रश्नांवर आम्ही पानं पिसत नाही. इतर प्रश्न घरूनच लिहून आणा, शक्यतो 'कधी' ऐवजी 'काय' किंवा 'कसं' घालून. मनासारखं पान आलं नाही म्हणून त्याच प्रश्नावर त्याच दिवशी दुसरं पान काढून मिळणार नाही. घरी वेगळा डेक असेल तर सोबत घेऊन या. जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये हा माणूस छाटलेल्या फांद्यांच्या दोन खोडांमध्ये लटकलेला असतो आणि डोक्याभोवती वलय नसतं; दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहायला आम्हालाही आवडतं.