फ्लॅटचे भाग हस्तांतरण: अर्ज अडतो तो विसार पावतीपाशी

गृहनिर्माण संस्थेतील फ्लॅट विकत घेतल्यावर भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आपले नाव चढवण्यासाठी आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, विक्रेत्याची पंधरा दिवसांची पूर्वसूचना, खरेदीदाराची संमती, सभासदत्वाचा अर्ज, मूळ भाग दाखला आणि मुद्रांक शुल्क भरलेला नोंदणीकृत करार द्यावा लागतो. हस्तांतरण शुल्क 500 रुपये आणि प्रवेश शुल्क 100 रुपये आहे. अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरणासाठी संस्था घेते तो प्रीमियम, 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘विकास निधी’ म्हणून अधिक मागितल्यास ती मागणी लेखी द्यायला सांगावे, बहुधा ती मिळत नाही.

खरी अडचण त्याआधीच, म्हणजे करार झाला होता का, या प्रश्नावर येते. विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, म्हणून एजंटच्या पॅडवर ‘फ्लॅटपोटी एक लाख मिळाले’ एवढीच ओळ असते, खाली सही एकट्या पतीची असते आणि भाग दाखल्यावर मात्र पती-पत्नी दोघांची नावे असतात. भाव वाढला की विक्रेता म्हणतो, ‘नुसती बोलणी चालली होती.’ भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 नुसार स्वीकृती बिनशर्त असावी लागते. त्यामुळे ‘पार्किंगसह असेल तर पक्के’ हा व्हॉट्सॲप संदेश स्वीकृती नसून नवा प्रस्ताव ठरतो. म्हणून विसार पावतीवर सर्व भागधारकांच्या सह्या, फ्लॅटचे वर्णन, एकूण किंमत, उर्वरित रकमेच्या तारखा, करारनोंदणीची मुदत आणि व्यवहार मोडल्यास विसार कोणाकडे राहील, हे सर्व असावे.

विक्रेत्याचे नाव केवळ नॉमिनी म्हणून लागले असेल, तर इतर वारसांचे हक्क तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

संस्थेचे ना-हरकत पत्र हाती आले म्हणजे व्यवहार पक्का झाला, असे समजू नये. उपविधींनुसार हस्तांतरणाला ते सक्तीचेच नाही. ते मागते ती बँक. खरेदीदार-विक्रेत्यांतील वादाचा निवाडा कार्यकारी समिती करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, हे समितीने अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवण्याऐवजी पहिल्याच पत्रात कळवले तर लोकांचे हेलपाटे वाचतील.

नोंदणीची चार महिन्यांची मुदत करारावर सही झाल्यापासून मोजली जाते, कर्जमंजुरीपासून किंवा ताबा मिळाल्यापासून नव्हे. आणि बिल्डरच्या पहिल्या करारापासूनच्या सर्व करारांची साखळी, जी जुन्या इमारतींत क्वचितच कोणाकडे पूर्ण असते, ती विसार देण्याआधी पाहावी. मधल्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेले आढळल्यास ती रक्कम दंडासह कोणी भरायची, हेही पावतीतच लिहून घ्यावे.