वार लागला का? बचावाच्या आकड्याचा प्रवास

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत फाशांनी खेळायच्या खेळात, पात्राने तलवार उगारली की दोन प्रश्न येतात: वार लागला का, आणि लागला तर इजा किती. दुसऱ्याचं उत्तर त्या मानाने सोपं आहे. पहिल्यात मात्र समोरच्याचा बचाव कुठे मोजायचा, या एका मुद्द्यावर नियम पुन्हापुन्हा लिहिले गेले.

या नियमांचं मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. गेओर्ग फॉन राइसवित्स या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात नकाशा, ठोकळे, निकालासाठी खास फासे आणि वर पंच होता. तक्ते पाहण्यात फार वेळ जाई, म्हणून १८७६ मध्ये फेर्दी द्यु फेर्न्वा यांनी फासे बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचावर सोपवायची पद्धत मांडली. गेम मास्टरचा (खेळ चालवणाऱ्या पंचाचा) शब्द मोठा की फाशाचा, हा वाद तेव्हापासूनचा.

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळात (१९७१) एकास एक लढतीसाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकत. हल्लेखोराचं शस्त्र आणि समोरच्याचं चिलखत यांचा तक्ता लागणारा आकडा सांगे. साधा शिपाई एका वारात मरे. पलटण चालवताना हे खपतं. पण खेळाडूकडे एकच पात्र असेल, तर एका फाशात त्याचा खेळ संपतो. डेव्ह आर्नेसन यांनी यावर हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसू शकतं तो आकडा) आणले, तेही चिलखती युद्धनौकांच्या नियमांतून. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, मग नायक का मरावा?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा ‘पर्यायी’ पद्धत म्हणून आला, आणि टिकला तोच. चिलखत नसलेल्याचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा) ९, पूर्ण चिलखत आणि ढाल असेल तर २. पहिल्या पातळीच्या लढवय्याला अनुक्रमे १० आणि १७ किंवा जास्त लागे, म्हणजे ५५ टक्के आणि २० टक्के संधी. आकडा जितका लहान तितका बचाव चांगला, ही उलटी मांडणी डोक्याला ताप होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या ‘थॅको’ने (आर्मर क्लास ० असलेल्याला वार लागायला फाशावर हवा तो आकडा) तक्ता काढून वजाबाकी आणली: थॅको १८, आर्मर क्लास ४, तर १४ हवेत. आर्मर क्लास उणे ३ झाला की उणे वजा करून उत्तर २१, आणि हमखास चूक इथेच व्हायची. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने दिशा फिरवली: फासा अधिक बोनस, आर्मर क्लासइतका किंवा जास्त. हिशेब अखेर सरळ झाला.

एक उणीव मात्र राहिली. सारखंच चिलखत घातलेला कसलेला योद्धा आणि नवशिका, दोघांना वार सारख्याच सहजतेने लागतो; कौशल्य दिसतं ते हिट पॉइंटमध्ये. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाने याला उत्तर दिलं: हल्ल्याची टक्केवारी वेगळी, वार अडवण्याची वेगळी, आणि चिलखत इजा शोषतं. कागदावर हे सुंदर आहे. पण दोन्ही बाजूंना ९० टक्के असतील, तर खास वार (फारच चांगली फेक पडल्यावरचे) सोडल्यास ०.९ × ०.१, म्हणजे ९ टक्केच वार आत जातात. साधारण अकरा हल्ल्यांत एक! निष्णातांची लढत रेंगाळते ती यामुळे.

त्याआधी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ या खेळाने (१९७५) दोन्ही बाजूंच्या फाशांची बेरीज करून फरकाइतकी इजा हरणाऱ्याला दिली होती. हे झटपट होतं, पण जखमी राक्षसाचा जोर कमी होत जातो आणि एकदा मागे पडला की तो सावरत नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रागन’मधला (१९८५) तोडगा मला सर्वांत देखणा वाटतो. दोघेही वीस बाजूंचा फासा टाकतात. आपल्या कौशल्याच्या आत राहून ज्याचा आकडा मोठा, तो जिंकतो. हरूनही कौशल्याच्या आत राहिलेल्याला ढालीचा फायदा मिळतो. हल्ला आणि बचाव एकाच फेकीत उरकतात.

समोरासमोरच्या चढाओढीत गणित नेहमी फसवतं. स्थिर आकडा ११ असेल तर +५ बोनसने संधी ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. दोघांनी फासा टाकला तर ती ४७.५ वरून ७० वर येते, आणि उरलेल्यात बरोबरीही असते. बरोबरीचा नियम आधी ठरला नसेल, तर टेबलावर वाद ठरलेला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) पकड घालताना अशीच चढाओढ होती आणि बरोबरीत स्थिती जैसे थे राही. २०२४ च्या नियमांत ती गेली. आता पकडला जाणारा ८ अधिक हल्लेखोराच्या ताकदीचा आणि प्रावीण्याचा बोनस या आकड्याविरुद्ध फेकतो. आकडा पुन्हा स्थिर झाला, पण फासा बचाव करणाऱ्याच्या हातात आला.