शालेय ग्रंथालयातील वाचन-आव्हाने

शाळेच्या ग्रंथालयात मुलांची ये-जा वाढावी, त्यांनी पुस्तके घरी न्यावीत व वाचावीत, यासाठी ठरावीक मुदतीत गाठायचे लक्ष्य देऊन ते पुरे करणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत. बक्षीस प्रमाणपत्राचे, बिल्ल्याचे, पदकाचे, पुस्तकाचे, खाऊचे आणि क्वचित रोख रकमेचेही असते.

या पद्धतीतला सर्वाधिक गाजलेला उपक्रम अमेरिकेत सुरू झाला, आणि तो ग्रंथपालांच्या नव्हे, एका उपाहारगृह कंपनीच्या डोक्यातून निघाला. पिझ्झा हटने १९८४ मध्ये ‘बुक इट’ जाहीर केला. वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाला महिन्याचे लक्ष्य द्यायचे आणि ते गाठले की मुलाला एका माणसापुरत्या पिझ्झाचे मोफत प्रमाणपत्र मिळायचे. मूल पिझ्झा खायला एकटे जात नाही, मागोमाग सारे घर जाते, हे कंपनीला अर्थातच ठाऊक होते. दोन वर्षांनी विस्कॉन्सिनमध्ये ‘अ‍ॅक्सिलरेटेड रीडर’ आला. या संगणकीय वाचन-कार्यक्रमात पुस्तकाची काठिण्यपातळी आणि शब्दसंख्या यांवरून गुण ठरतात व संगणकावरची प्रश्नमंजुषा सोडवल्यावर ते मुलाच्या खात्यात पडतात. अनेक शाळांनी मग पुस्तकांच्या पाठीवर पातळीच्या रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. परिणामी ‘मला आवडेल का’ याऐवजी ‘याला गुण किती’ हे पाहून मुले पुस्तक उचलू लागली, अशी ग्रंथपालांची जुनी तक्रार आहे.

ऑस्ट्रेलियात हे काम राज्य सरकारांनी हाती घेतले. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) माइक रॅन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या आव्हानात मुलाने १२ पुस्तके वाचायची असतात. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र मिळते. मूल दरवर्षी टिकून राहिले, तर पुढे कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी पदके. कोणी कोणाला हरवायचे नसते. लक्ष्य पुरे करणारा प्रत्येक जण मानकरी ठरतो, त्यामुळे सावकाश वाचणारे मूल मध्येच गळत नाही. ‘सर्वाधिक पुस्तके नेणारा विद्यार्थी’ असा एकच क्रमांक काढणाऱ्या शाळांत नेमके उलटे होते : जे आधीपासून वाचत होते त्यांच्यातच चुरस लागते आणि बाकीचे दुसऱ्या आठवड्यात नाद सोडतात.

बक्षिसामुळे वाचनाची गोडी लागते की उलट आटते, हा या विषयातला खरा वाद. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचनाचा नाही, चित्रकलेचा आहे. तरी त्याचा दाखला इथे हटकून दिला जातो. रंगीत पेनांनी आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल करण्यात आले. पुढे बक्षीस नसताना त्यांनी त्या पेनांकडे इतरांच्या मानाने निम्माच वेळ दिला. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही.

याच्या विरुद्ध बाजूला अमेरिकेतल्या डॅलस शहराचा प्रयोग उभा आहे. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी तिथल्या दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून प्रश्नमंजुषा उत्तीर्ण झाल्यास दर पुस्तकामागे २ डॉलर दिले, आणि त्यांचे वाचन-आकलन सुधारले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे देऊन असा फरक दिसला नाही. पुस्तक वाचणे मुलाच्या हातात असते, गुण तसे नसतात, हे फ्रायर यांचे स्पष्टीकरण मला पटते. चित्रकलेचा प्रयोग आणि डॅलसचा प्रयोग यांत फारसा विरोधही नाही. आवड असलेल्याला आमिष दाखवणे वेगळे, आणि ज्याने पुस्तक उघडलेच नाही त्याला ते उघडायला लावणे वेगळे. मॅरिनक आणि गॅम्ब्रेल यांचा २००८ चा अभ्यास आणखी उपयोगी आहे : बक्षीस म्हणून पुस्तकच दिलेली तिसरीची मुले पुढेही वाचत राहिली, किरकोळ भेटवस्तू मिळालेल्या मुलांचा ओढा कमी झाला.

आव्हान जे मोजते तेच हाती लागते, हा व्यवहारातला मोठा धोका. पुस्तके मोजली की मुले बारीक पुस्तके शोधतात, पाने मोजली की पाने उलटतात, सारांश मागितला की मलपृष्ठावरचा मजकूर वहीत उतरतो. म्हणून काही ग्रंथपाल संख्येऐवजी शोध देतात. ड्यूई वर्गीकरणाचा (म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीचा) ५९८ क्रमांक हातात देऊन पक्ष्यांचे पुस्तक काढायला लावायचे, ३९८.२ वरून लोककथांच्या फळीपाशी पोचवायचे. मूल कपाटांमधून फिरते, आणि शोधत असलेल्या पुस्तकाशेजारचे दुसरेच घेऊन जाते.

अर्थात यासाठी कपाट उघडे असावे लागते. महाराष्ट्रात डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून शाळांत साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके बाहेर मांडली जातात. पण जिथे कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आणि पुस्तक हरवल्यास भरपाई शिक्षकाच्या माथी, तिथे दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कुलपात जातात. बक्षीस म्हणून पुस्तक देण्याची रीत मराठी शाळांत जुनीच आहे. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि मुलाचे नाव घातलेली अशी पुस्तके अनेक घरांत सापडतील. ती बहुधा परीक्षेतल्या क्रमांकाची असतात. ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत कोणाचे नाव किती वेळा आले, हे पाहून ती क्वचितच दिली जातात.