फोनवरचं तापमान सौद्याचा निकाल ठरवत नाही

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या ग्रुपांवर एक समज बरेच दिवस फिरतोय. अमेरिकेत शहराच्या रोजच्या तापमानावर सौदे होतात, त्यांत म्हणे फोनवर आकडा दिसला की पैसे पक्के. तसं नाही.

कल्शी या अमेरिकी ऑनलाइन सौदेबाजारासारख्या ठिकाणी प्रश्न असा असतो: न्यूयॉर्कचं आजचं कमाल तापमान अमुक ते तमुक अंशांच्या पट्ट्यात राहील का? 'हो' ३० सेंटला घेतलं आणि ते खरं ठरलं, तर १ डॉलर मिळतो, नाहीतर शून्य. समोर सहसा उलट मताचा दुसरा कोणीतरी असतो.

निकाल लागतो सरकारी हवामान सेवेच्या दैनिक अहवालावर, तोही एकाच ठरलेल्या केंद्राच्या. न्यूयॉर्कसाठी सेंट्रल पार्क. केंद्र बदललं की आकडा बदलतो, हे आपल्याला नवीन नाही; थंडीत निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा नाशिक शहरापेक्षा खाली असतोच की. फोनवर तर बहुतेकदा मॉडेलने काढलेला अंदाज दिसतो.

केंद्राचे दर पाच मिनिटांचे आकडेही फसवतात. ते आधी पूर्ण सेल्सिअस अंशात येतात, मग फॅरनहाइटमध्ये बदलतात, त्यात एखादा अंश इकडेतिकडे होतो. आणि पट्टे असतात जेमतेम दोन अंशांचे! शिवाय तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, त्या उन्हाळी वेळेत अहवालाचा 'दिवस' रात्री १ ते दुसऱ्या रात्री १ असा धरतात.

इथून पैसे लावायचा विचार कोणी करत असेल, तर २०२५ च्या कायद्याने भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे.