फ्रँकोनंतर लोकशाही येणारच होती का?

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला आणि १५ जून १९७७ ला तिथे खुल्या निवडणुका झाल्यासुद्धा. आज मागे वळून पाहिलं की सगळं ओघानंच आल्यासारखं वाटतं. साठच्या दशकात कारखाने वाढले, पर्यटकांची रीघ लागली, मध्यमवर्ग उभा राहिला. अशा समाजाला हुकूमशाही कितीशी मानवणार?

या ‘वाटण्या’चा प्रयोग झालेला आहे, तोही नेमका १९७५ मध्ये. मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकिगत वाचायला दिली. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले. मग प्रत्येक शेवटाची शक्यता किती होती, ते विचारलं. ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त संभवनीय वाटला! हकिगत मात्र सगळ्यांनी एकच वाचली होती.

स्पेनच्या हकिगतीतही निसटत्या जागा बऱ्याच आहेत. फ्रँकोची गादी चालवायला त्याचे पंतप्रधान ॲडमिरल कारेरो ब्लांको तयार होते. २० डिसेंबर १९७३ ला एटा या बास्क फुटीर संघटनेनं माद्रिदमध्ये रस्त्याखाली भुयार खणून स्फोट केला आणि त्यांची गाडी अख्खी इमारत ओलांडून पलीकडे पडली; ते ठार झाले. हे भुयार आधीच सापडलं असतं तर? पुढे पंतप्रधान झालेल्या सुआरेझ यांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये फ्रँकोच्याच संसदेकडून तिच्या विसर्जनाची वाट मोकळी करणारा कायदा ४२५ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर करून घेतला. हे तर मला आजही नवलाचं वाटतं.

मग त्या समृद्धीचं काय? प्रझेवोर्स्की आणि लिमोंगी या राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून मांडलं की उत्पन्न वाढल्यानं हुकूमशाही कोसळतेच असं नाही. पण लोकशाही एकदा आली, की सधन देशात ती सहसा टिकते. पहिल्या भागावर पुढे बराच वाद झाला, दुसरा बव्हंशी मान्य आहे.

स्पेनमध्ये त्या टिकण्याचीही परीक्षा झाली. २३ फेब्रुवारी १९८१ ला लेफ्टनंट कर्नल तेहेरो सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला, छताकडे गोळ्या झाडल्या. वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. मध्यरात्रीनंतर राजे हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आले आणि राज्यघटनेच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा बंड विरलं. फ्रँकोची राजवट जशीच्या तशी चालली असती असं मलाही वाटत नाही. पण तिच्या जागी काय येणार, हे त्या रात्रीपर्यंतसुद्धा ठरलेलं नव्हतं.